पावसाआधी पातळीच्या पेजचा सर्व्हर: तयारीची यादी

मृग लागायच्या आत हे उरकून घ्या. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की लोक पेज उघडून बसतात, आणि त्या रात्री सर्व्हरची कॉन्फिगरेशन उसवत बसायला कुणालाच सवड नसते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी. नदीकाठच्या सुतारवाड्यातला माणूस सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते या आकड्यावर ठरवतो. आपल्या ग्रुपचं पेज हा आकडा एका फाईलमधून उचलतं आणि स्क्रिप्ट त्यावरून पान तयार करते. गेल्या पावसाळ्यात हे काम माझ्या हातून फसलं. ज्या एका गोष्टीमुळे फसलं ती खाली पुन्हा पुन्हा येईल. वाचताना ती गाळू नका.

सर्व्हर चालू आहे का, डोमेन बरोबर पत्त्यावर जातं का, हे तुम्ही बघालच. आपली पानं अपाचे हा सर्व्हर प्रोग्रॅम पुरवतो. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये काहीही बदललं की आधी 'अपाचे-सीटीएल कॉन्फिगटेस्ट' चालवा आणि 'सिंटॅक्स ओके' आलं तरच रिलोड करा. त्याच कमांडला 'मायनस कॅपिटल एस' लावलं की कुठलं नाव कुठल्या व्हर्च्युअल होस्टला (एकाच सर्व्हरवरच्या वेगळ्या साइटला) जातं ते दिसतं. एकाच सर्व्हरवर तालमीची साइट आणि पातळीचं पेज असेल तर हे बघाच, कारण अपाचेला नाव जुळलं नाही की तो यादीतला पहिला होस्ट दाखवतो आणि आपण भलत्याच फाईलमध्ये चूक शोधत राहतो.

आता मुख्य गोष्ट. ब्राउझरमधून पेज उघडलं की स्क्रिप्ट तुमच्या नावाने चालत नाही. ती सर्व्हरच्या युजरच्या नावाने चालते. उबुंटू आणि डेबियनवर तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेड हॅटच्या घराण्यात 'अपाचे'. तुमच्या लॉगिनमधून टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवली आणि पान सुरेख छापून आलं, तर त्यातून पेज चालेल हे सिद्ध होत नाही. चाचणी घ्यायची तर 'सुडो मायनस यू' लावून, सर्व्हरच्या युजरच्या नावानेच घ्यायची. दरवेळी. 'आत्ताच तर बघितलं, चालतंय की' असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा: कुणाच्या नावाने बघितलंस?

गेल्या वर्षी काय झालं ते नीट सांगतो, कारण चूक डोळ्यांना दिसत नव्हती. स्क्रिप्ट आलेला शेवटचा आकडा एका लहान फाईलमध्ये लिहून ठेवायची. मी ती माझ्या लॉगिनमधून एकदा हाताने चालवून बघितली. त्यावेळी ती फाईल नव्हती, म्हणून ती माझ्या मालकीची होऊन तयार झाली. त्यानंतर सर्व्हरच्या युजरला तिच्यात लिहिता येईना. ही एरर स्क्रिप्टने मुकाट्याने गिळली आणि फाईलमधला जुनाच आकडा दाखवत राहिली. पान उघडत होतं, ५०० (स्क्रिप्ट फसली) नाही की ४०३ (परवानगी नाही) नाही, सगळं व्यवस्थित दिसत होतं. नदी चढत होती आणि पेजवरची पातळी जागची हलत नव्हती. पेज बंद पडलं तर लोक निदान दुसरीकडे फोन करून विचारतात. चुकीचा आकडा दिसला तर ते निवांत झोपतात. म्हणून हे एवढ्या काकुळतीने लिहितोय.

यासाठी तीन गोष्टी करा. स्क्रिप्ट ज्या ज्या फाईलमध्ये लिहिते त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरची मालकी सर्व्हरच्या युजरला द्या. सगळ्याला ७७७ (कुणालाही काहीही करायची मुभा) देऊन मोकळं होऊ नका, तो उपाय नव्हे. स्क्रिप्टमधली एरर गिळू नका, लॉगमध्ये जाऊ द्या. आणि पानावर आकड्याशेजारी नोंदीची वेळ मोठ्या अक्षरात दाखवा. नोंद दोन तासांहून जुनी असेल तर 'हा आकडा जुना आहे' असं लाल अक्षरात आपोआप आलं पाहिजे. ती वेळही तपासा. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दहाची नोंद पेजवर दुपारी साडेचारची दिसली तर लोकांचा भरवसा उडतो आणि तो परत येत नाही.

परमिशन फक्त फाईलची बघून भागत नाही. सगळ्यात वरच्या रूट फोल्डरपासून फाईलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये सर्व्हरच्या युजरला शिरता आलं पाहिजे. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परमिशनने तयार होतं, म्हणजे परक्या युजरला आत पाऊल टाकता येत नाही. जुन्या सर्व्हरवर होममध्ये ठेवलेली स्क्रिप्ट चालत होती, नव्यावर ४०३ येतो आणि माणूस अपाचेला दोष देत बसतो. 'नेमआय मायनस एल' आणि पुढे पूर्ण पाथ दिला की एकेक पायरीची परमिशन एकाखाली एक दिसते. कुठे अडलंय ते लगेच कळतं.

तात्पुरती फाईल टेम्प फोल्डरमध्ये ठेवत असाल तर तेही बघा. उबुंटूवर अपाचेला सिस्टीम-डी (सर्व्हरवरच्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) स्वतःचं वेगळं टेम्प देतं. तुम्ही टेम्पमध्ये ठेवलेली फाईल तुम्हाला दिसते, स्क्रिप्टला दिसत नाही. पुन्हा तेच: तुम्ही वेगळे, सर्व्हरचा युजर वेगळा. त्याचा पाथ वेगळा आणि एन्व्हायर्न्मेंटही वेगळं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाईलचा आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ लिहा. स्क्रिप्ट पायथनमध्ये असेल आणि ते पायथन ३.७ च्या आधीचं असेल तर 'फूट' हा शब्द छापतानाच स्क्रिप्ट कोलमडू शकते, कारण तिथे भाषेची सेटिंग तुमच्या लॉगिनसारखी नसते. आणि पायथन ३.१३ मधून 'सीजीआय' (ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हरने स्क्रिप्ट चालवायची पद्धत) साठीचं मॉड्यूल काढलेलं आहे. फॉर्म वाचायला ते वापरत असाल तर आवृत्ती वाढवण्याआधी बदला, भर पावसात नको.

ब्राउझर काय दाखवतो त्यावरून कुठे बघायचं ते ठरतं. पानाऐवजी स्क्रिप्टचा कोडच दिसला किंवा फाईल डाउनलोड व्हायला लागली, तर सर्व्हरला ती चालवायची आहे हेच माहीत नाही: सीजीआय मॉड्यूल, हँडलर आणि 'एक्झेक-सीजीआय' बघा. हे सगळं डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये लिहिलं असेल तर 'अलाऊ-ओव्हरराइड' बघा. अपाचे २.४ मध्ये ते मुळात 'नन' असतं आणि ती फाईल कुणी वाचतच नाही, तक्रारही करत नाही. ५०० आला तर ब्राउझरकडे टक लावून काही मिळत नाही. दुसऱ्या खिडकीत एरर लॉगवर 'टेल मायनस एफ' लावा आणि पेज रिफ्रेश करा. लॉगमध्ये 'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स' असेल तर स्क्रिप्ट मध्येच मेली आहे, किंवा तिने कंटेंट-टाइपची ओळ आणि तिच्याखाली एक कोरी ओळ छापलेली नाही. ती कोरी ओळ हवीच.

फाईल डोळ्यांसमोर असताना लॉग 'नो सच फाईल' म्हणतो, त्याचं कारण बहुतेकदा पहिल्या ओळीत असतं. कुणीतरी विंडोजच्या लॅपटॉपवर, ओळी विंडोजच्या पद्धतीने तोडणाऱ्या एडिटरमध्ये, एक आकडा बदलून फाईल परत चढवलेली असते. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि सर्व्हर त्या अक्षरासकट पायथनचं नाव शोधतो. 'कॅट मायनस कॅपिटल ए' करा: ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम (^M) दिसला की सापडलं. 'डॉस टू युनिक्स' चालवा. आणि चालवलंत की फाईलची मालकी परत बघा, कारण ती कमांड तुम्ही तुमच्या नावाने चालवलेली असते.

गर्दीचं बघा. सीजीआयमध्ये प्रत्येक भेटीला नवा प्रोसेस जन्मतो. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, तर गावाबाहेरची माणसंही पेज उघडतात आणि लहान सर्व्हर आडवा होतो. त्यापेक्षा क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवून साधं एचटीएमएल पान तयार ठेवा. आधी दुसऱ्या नावाने लिहा, मग नाव बदला, म्हणजे कुणाला अर्धं पान दिसणार नाही. हा क्रॉन कुणाच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीत, टाकणार? सर्व्हरच्या युजरच्या. तुमच्या नाही.

बाकीचं भराभर. साइटला https देणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट बहुधा ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होतंय का ते ड्राय-रन (लुटुपुटूची चाचणी) करून बघा. डिस्क भरलेली नको, लॉग फिरते ठेवा, म्हणजे जुने आपोआप हटतील. ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवू नये म्हणून कॅश-कंट्रोलचं हेडर. बॅकअप. डोमेनचे पैसे.

सर्व्हर परगावी असला तरी आकडा भरणारा माणूस कोल्हापुरातच असतो आणि पुरात लाईट जाते. आकडा मोबाईलवरून भरता आला पाहिजे, आणि सर्व्हरची चावी दोघांकडे हवी, त्यातला एक पुराच्या पट्ट्याबाहेर राहणारा. दोघांनाही आत्ताच लॉगिन करून बघायला सांगा. नंतर एक खोटी नोंद भरा, ती पानावर पोचते का ते मोबाईल डेटावर बघा आणि लगेच काढून टाका.