सोबतचा माणूस छुपा पोलीस होता का? कागदांवरून खात्री कशी करावी

लंडनमध्ये मी जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदी शोधून देते. बहुतेकांना पणजोबा हवे असतात. काहींना मात्र वर्षानुवर्षं चळवळीत सोबत राहून एके दिवशी नाहीसा झालेला मित्र, कधी जोडीदार, खरा कोण होता हे हवं असतं. त्यांची शंका खुळी नसते. लंडन पोलिसांच्या स्पेशल ब्रँचनं १९६८मध्ये छुप्या अधिकाऱ्यांचं पथक उभारलं, ते २००८पर्यंत चाललं. हे अधिकारी युनियन, पर्यावरणवादी, वंशवादविरोधी गट अशा सगळ्यांत शिरले. १९९३मध्ये लंडनमध्ये वंशद्वेषातून खून झालेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या न्यायासाठी चाललेल्या लढ्याचीही माहिती त्यांनी पुरवली. इथल्या चळवळींत आपलेही लोक आहेत, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

आधी गप्प राहा. संशय दोन-तीन विश्वासू माणसांच्या पलीकडे जाऊ देऊ नका. निरपराध माणसावर हा शिक्का बसला की पुसला जात नाही, आणि गट एकमेकांकडे संशयानं पाहत फुटतो. ते काम पोलिसांनाही जमलं नसतं इतकं चोख होतं.

मग प्रत्येकानं वेगवेगळं बसून, आपापसात न बोलता, आठवेल ते लिहून काढावं: तो कधी आला, काय काम करतो म्हणाला, वाढदिवस कधी, आईवडिलांबद्दल काय सांगायचा, गाडी कोणती. फोटो, पत्रं, पाकिटांवरचे शिक्के जपून ठेवा. उघड झालेल्या प्रकरणांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. स्वतःची व्हॅन, सतत बाहेरगावी नेणारं काम, कधीच न भेटलेले नातेवाईक, शेवटी मन खचल्याचं सांगून परदेशी जाणं. पण यातली एकेक गोष्ट हजारो साध्या माणसांनाही लागू पडते. त्यावरून निकाल देऊ नका.

शोध सुरू करण्याआधी छुप्या पोलिसांबद्दलच्या सरकारी चौकशीची (Undercover Policing Inquiry) यादी बघा. २०१५मध्ये नेमलेल्या या चौकशीनं अनेक अधिकाऱ्यांची खोटी नावं, त्यांची वर्षं आणि ते ज्या गटांत होते त्यांची नावं जाहीर केली आहेत. नाव तिथेच सापडलं तर पुढची बरीच पायपीट वाचते.

नाही सापडलं, तर जन्मनोंद. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७पासूनच्या नोंदींची सूची कुणालाही पाहता येते, दाखल्याची प्रतही मागवता येते. नोंद मिळाली नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. दत्तक गेलेला असेल, स्पेलिंग वेगळं असेल, जन्म स्कॉटलंडमध्ये किंवा नैरोबीत झाला असेल. आपल्यातल्या कितीतरी जणांची जन्मनोंद तिथे मिळणारच नाही.

नोंद मिळाली, तर लगेच मृत्यूची सूची चाळा. ही पायरी लोक सोडून देतात, आणि खरी गाठ इथेच सुटते. अधिकारी लहानपणी वारलेल्या मुलांची नावं उचलत. पोलिसांच्याच २०१३च्या तपासात पथकाच्या १०६ खोट्या ओळखींपैकी ४२ मृत मुलांच्या, किंवा बहुधा तशाच, निघाल्या. हेलन स्टील या कार्यकर्तीचा जोडीदार ‘जॉन बार्कर’ १९९२मध्ये निघून गेला. त्याला शोधताना तिला त्या नावाच्या मुलाचा मृत्यूचा दाखला मिळाला. आठ वर्षांचा मुलगा, रक्ताच्या कर्करोगानं गेलेला. असा दाखला हाती आला तर त्या मुलाच्या आईवडिलांचा विचार आधी करा. त्यांच्या दारात परस्पर जाऊन उभे राहू नका.

खरं नाव शोधणं फार अवघड, वर्षं जातात. एक धागा उपयोगी पडतो: पहिलं नाव पुष्कळदा खरंच ठेवलेलं असतं. बार्कर हा जॉन डाइन्स होता. पर्यावरणवाद्यांत ‘मार्क स्टोन’ म्हणून वावरणारा, दुसऱ्या एका पथकातला छुपा पोलीस हा मार्क केनेडी. नाव कळलं की विवाहाचा किंवा मुलाच्या जन्माचा दाखला मागवा, त्यात व्यवसायाचा रकाना असतो. डाइन्सच्या विवाहाच्या दाखल्यावर तो पोलीस असल्याचं लिहिलेलं होतं. केनेडीच्या बाबतीत २०१०मध्ये जोडीदाराला खऱ्या नावाचा पासपोर्ट दिसला. मग मित्रांनी नोंदी तपासल्या, आणि खात्री झाल्यावरच त्याला समोर बसवून विचारलं. त्यानं कबूल केलं.

एकच कागद पुरेसा धरू नका. एकाच नावाची दोन माणसं असतात. जन्मतारीख, गाव, फोटो, किमान तीन गोष्टी स्वतंत्रपणे जुळायला हव्यात. शोधात नसलेल्या एखाद्या माणसाला सगळं दाखवा आणि ‘हे चूक कसं असू शकेल ते सांग’ असं म्हणा.

खात्री झाली की थेट जाहीर करू नका, वकिलाकडे जा. चौकशीनं काही अधिकाऱ्यांची खरी नावं छापायला मनाई केली आहे, ती मोडली तर तुम्हीच अडचणीत याल. त्याच्या घराचा पत्ता, बायकोचं नाव, मुलांचे फोटो कुठेही टाकू नका, त्यांनाही बहुतेकदा अंधारातच ठेवलेलं असतं. मूळ कागद एका जागी, प्रती दुसऱ्या जागी ठेवा. आणि जिनं त्या माणसासोबत संसार केला, तिच्या हाती फाइल द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तिलाच ठरवू द्या.