मोठा ब्लॉक बसवला आणि ऑइल गळायला लागलं

दीडशे सीसीच्या गाडीला घरीच मोठ्या बोअरचा, म्हणजे मोठ्या व्यासाच्या सिलिंडरचा, ब्लॉक-पिस्टन बसवला. पन्हाळ्याचा चढ मस्त चढली, पण उतरून बघतो तर इंजिनची डावी बाजू ऑइलनं माखलेली!

गॅस्केट (दोन भागांमधली फट बंद करणारी पातळ पट्टी) दोनदा बदललं, फरक शून्य. मग रॉकेलनं इंजिन स्वच्छ पुसलं, कोरडं करून त्यावर टाल्कम पावडर मारली आणि रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळं सगळ्यात वरचा आणि पुढचा ओला ठिपका शोधायचा. तो ब्लॉकच्या बुडाशी निघाला. ब्लॉक काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, एका कोपऱ्याला फट होती. उद्यमनगरात (कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत) तळ प्लेन, म्हणजे सपाट, करून घेतला. जुन्या गॅस्केटचा चिकटा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढला (ॲल्युमिनियमवर पटाशी अजिबात लावू नका), नवं गॅस्केट घातलं आणि नट आडवे-तिडवे, थोडे थोडे, टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) आवळले.

तरी किंचित पाझर राहिलाच. खरं दुखणं ब्रीदर पाइपचं (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी)! नव्या कार्ब्युरेटरखाली तो दुमडला होता, क्रँककेसमधला (इंजिनच्या खालच्या पेटीतला) दाब बाहेर पडेना, म्हणून जिथं फट मिळेल तिथून ऑइल येत होतं. पाइप मोकळा वळवून घेतला. आता तीनशे किलोमीटर झाले, इंजिन कोरडं आहे.