लढाईचं पुस्तक वाचताना जवळ तूर आणि मसूर ठेवा

मी बँकेत कॅशियर, इतिहासाशी शाळेनंतर संबंध नाही. जालन्याला बदली झाली तेव्हा एका खातेदाराने काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं, की असईचं रणांगण याच जिल्ह्यात आहे. हौसेने पुस्तक आणलं आणि चाळिसाव्या पानावर मिटलं. पलटणींचे नंबर, साहेबांची नावं, डावी फळी, उजवी फळी... डोकं भणभणलं. नंतर जी पद्धत मला जमली ती सांगते, असईवरूनच.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. आधी लढाईचा दिवस गाठा. इथे तो २३ सप्टेंबर १८०३. एकीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, दुसरीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. इतकी तीन नावं पुरतात. तह आणि कारस्थानं मागाहून.

मग जेवणाचं टेबल रिकामं करा. लोकरीचे दोन धागे ठेवा : खाली केळणा, वर जुई. दोन्ही नद्या पूर्वेला एकमेकींना मिळतात, त्यामुळे मधे जमिनीची जीभ तयार होते. जुईच्या काठाला एक वाटी पालथी घाला, ती असई. शिंद्यांच्या पलटणी म्हणजे तूर. ती केळणेच्या उत्तर काठावर, तोंड दक्षिणेला. वेलस्ली म्हणजे मसूर, दक्षिणेकडून येणारी. आता वाचत जा आणि डाळ सरकवत जा. छापील नकाशात सगळे बाण एकदम दिसतात, कोण आधी हलला ते कळत नाही. डाळीत कळतं.

समोरूनच नदी ओलांडावी तर तोफांच्या तोंडी. वाटाडे म्हणाले, जवळ दुसरा उतार (नदी पायी ओलांडायची जागा) नाही. पण वेलस्लीला पूर्वेकडे दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं, की इथे उतार असणारच. मला हसूच आलं. माझ्या आजोळी निम्म्या लेकी नदीपलीकडे दिलेल्या, आणि पावसाळा सोडला तर सगळं येणंजाणं पाण्यातूनच. असं पान आलं की थांबा, पुन्हा वाचा. पुढची सगळी लढाई त्या उतारावरून गेलेली आहे.

आता खरी कटकट : डावं-उजवं. मसूर पूर्वेकडून जिभेत शिरली तेव्हा शिंद्यांकडचा जर्मन सेनानी पोलमन याने आपली अख्खी रांग वळवली. तोंड पूर्वेला, उजवा खांदा केळणेला, डावा असईला. म्हणजे शिंद्यांची डावी बाजू तीच वेलस्लीची उजवी! वेलस्लीची ७४ वी पलटण भलतीच असईकडे सरकली आणि तिथल्या तोफांपुढे कापली गेली, ती याच टोकाला. मी दोन पुस्तकं शेजारी ठेवून कितीतरी वेळ समजत होते, की या दोन वेगळ्या चकमकी आहेत. 'डावी बगल' आली की समासात पेन्सिलीने लिहा : कुणाची?

शब्दांचं फार मनावर घेऊ नका. इंग्रजी पुस्तकातली शिंद्यांची ब्रिगेड म्हणजे आपला कंपू, कवायती पलटणींचा गट.

आकड्यांपाशी मात्र रेंगाळा (इथे माझी कॅशियरची खोड कामी आली). वेलस्लीचं सैन्य एका ठिकाणी साडेचार हजार, दुसरीकडे साडेनऊ हजार. चूक कुणाचीच नाही, मोजलं कुणाला एवढाच फरक. समोरचे 'पन्नास हजार' वाचूनही दचकू नका. त्यात बहुतेक घोडदळ, आणि त्याने त्या दिवशी फारसं काही केलं नाही. लढलं ते दहा-अकरा हजारांचं कवायती पायदळ.

पण वेलस्लीकडचे ते वरचे पाच हजार कोण? म्हैसूरचे घोडेस्वार आणि पेशव्यांचे. हो, पेशव्यांचे. हे मी जेवताना बोलून गेले आणि सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "पेशव्यांचे स्वार इंग्रजांकडून?" ते काही केल्या ऐकेनात.

उत्तर पुस्तकाच्या सुरुवातीला असतं, पेशव्यांनी इंग्रजांशी केलेल्या ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात. आपण टाळलेलं पहिलं प्रकरण आता उघडा.