भंगारातली गो-कार्ट: आधी शाफ्ट, मग ड्रॉइंग, फायबर शेवटी

डिप्लोमाची पोरं कार्टबद्दल, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या रेसिंग गाडीबद्दल, विचारायला येतात तेव्हा मोबाइलमध्ये थ्री-डी मॉडेल तयारच असतं. टोकदार नाक, बाजूचे पॉड (दोन्ही कडांची आवरणं), लाल-काळा रंग, नंबरसुद्धा टाकलेला. मी एवढंच विचारतो, "मागचा शाफ्ट कुठला घेणार?" मग एकमेकांच्या तोंडाकडे बघणं सुरू होतं.

मी भोसरीत फायबरच्या, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिनच्या, कामावर आहे. बॉडी हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे खरं तर मी बॉडीचंच कौतुक सांगायला हवं. पण भंगारातून कार्ट बनवायची असेल तर बॉडी सगळ्यात शेवटी येते, आणि ड्रॉइंगही पहिलं येत नाही. नव्या मालातून काम करणारा आधी ड्रॉइंग काढतो आणि मग माल मागवतो. आपल्याला ती चैन नाही. इंजिन, शाफ्ट (मागची चाकं बसतात तो दांडा) आणि चाकं एकदा अंगणात येऊन पडू देत, त्यांची मापं घ्या, मग कागदाला हात लावा. सुंदर ड्रॉइंग काढून त्याच मापाचं सामान शोधत अख्खं सेमिस्टर घालवणारे ग्रुप मी दरवर्षी बघतो.

असं जोडकाम करण्यात कमीपणा मुळीच नाही. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स आणि लू बोरेली यांनी जी पहिली कार्ट जोडली, तिलाही गवत कापायच्या यंत्रात वापरायचं छोटं टू-स्ट्रोक इंजिनच होतं. इंगल्स स्वतः रेसिंग गाड्या बनवणारा कारागीर होता, तरी सुरुवात अशी.

पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे एक चक्कर टाकाच. दुचाकीच्या सामानासाठी नाना पेठ. इंजिन निवडताना बहुतेकांचा हात आधी बाइकच्या इंजिनाकडे जातो, कारण गिअर टाकायची हौस. माझं मत उलट आहे: पहिल्या कार्टला स्कूटरचं इंजिन घ्या. बाइकचं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. ते सीटच्या मागे नेऊन ठेवलं की वारा अडतो आणि दहा-पंधरा मिनिटांत ते तापून बसतं. कायनेटिक होंडा किंवा जुन्या अ‍ॅक्टिव्हाच्या इंजिनावर स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे ते कुठेही बसवा, हवा मिळत राहते. शिवाय बेल्टचा ऑटोमॅटिक ड्राइव्ह आयता मिळतो, क्लचच्या पेडलची भानगड नाही.

फक्त इंजिन सुटं घेऊ नका. बेल्टचं केसिंग, मागचा गिअरबॉक्स, वायरिंग, सीडीआय (प्लगच्या ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल, कार्ब्युरेटर, सगळं एकाच गाडीचं एकत्र उचला. सीडीआय नंतर वेगळा शोधायला गेलात की मोडलेल्या गाडीपेक्षा तोच महाग पडतो. इंजिन नंबर घासलेला असेल तर कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. गाडी भंगारात काढून नोंदणी रद्द केल्याचा कागद मागा आणि विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर कार्ट राहील बाजूला, चौकीच्या फेऱ्या सुरू होतील.

स्कूटरचं मागचं चाक ज्या दांड्यावर बसतं तिथे स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बसवायचं आणि चेनने कार्टच्या शाफ्टला जोडायचं. इथे हिशोब सोपा आहे. अ‍ॅक्टिव्हाचं 10 इंची चाक टायरसकट साधारण 430 एमएम भरतं. कार्टचं मागचं 11 इंची टायर 280 एमएम. दोन्ही स्प्रॉकेट सारख्या दातांची ठेवली तर ताशी 80 ने पळणारी स्कूटर कार्टमध्ये 52 च्या आसपास येते. जमिनीपासून चार बोटं वर बसून 52 म्हणजे काय ते पहिल्या वळणावर कळेल. पुरे आहे. आणि इंजिन स्कूटरमध्ये ज्या तोंडाने होतं त्याच तोंडाने बसवा. वळवून बसवलंत तर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी मागे पळेल.

आता शाफ्ट. कार्टला डिफरन्शियल (वळणावर दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं, दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर घट्ट. भंगारात 30 एमएमचा दांडा मिळाला तर उत्तम, कारण त्याला यूसीपी 206 हे पेडेस्टल बेअरिंग सरळ बसतं आणि ते हार्डवेअरवाल्याकडे कुठेही मिळतं. दांडा मात्र डोळ्याने बघून घेऊ नका. आमच्या शेडशेजारी लेथ चालवणारे काका आहेत. पोरांनी दांडा आणला की ते तो दोन सेंटरमध्ये धरतात, हाताने हळू फिरवतात आणि खडू जवळ नेतात. खडूची रेघ सगळीकडून सारखी उठली तर ठीक. एकाच बाजूला उठली की दांडा परत पोरांच्या हातात देतात. "हा गेटच्या कडीला लाव," एवढंच बोलतात. वाकडा शाफ्ट आधी चेन उडवतो, मग बेअरिंग खातो.

चेतकची चाकं वापरणार असाल तर त्याची रिम दोन तुकड्यांची असते, नटांनी जोडलेली. ट्यूबमध्ये हवा असताना ते रिमचे नट कधीही सोडू नका. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा. नाहीतर रिमचा अर्धा तुकडा तोंडावर उडतो.

चॅसिससाठी पलंगाचे, टेबलाचे पाइप लोक उचलून आणतात. फर्निचरचा पाइप 18 गेजचा, म्हणजे सव्वा एमएमच्या आतबाहेर जाड. वेल्डिंगमध्ये भोकं पडतात आणि नाही पडली तरी पुढे चीर जाते. किमान 2 एमएम जाडीचा एक इंची पाइप बघा. पाण्याचा जस्त चढवलेला पाइप असेल तर वेल्डिंगच्या जागी जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा. त्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आधी सगळीकडे टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मग पूर्ण वेल्डिंग. एका बाजूने सलग वेल्डिंग करत गेलात तर फ्रेम ओढली जाते.

स्टिअरिंगचा सोपा ताळा दोरीने होतो. किंगपिनपासून (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) स्टिअरिंग आर्मच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या, टोकावरून दोरी मागे ताणा, दुसऱ्या बाजूनेही तसंच. दोन्ही दोऱ्या मागच्या शाफ्टच्या मध्यावर भेटल्या पाहिजेत. किंगपिन वरून मागे कललेली ठेवा, दहा-बारा अंश. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरत असल्याने वळणावर आतलं चाक जरासं उचललं जावं लागतं, आणि ते काम हा कलच करतो. तो नसेल तर स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही गाडी सरळच जाते. ब्रेकला पल्सरसारख्या बाइकची डिस्क आणि कॅलिपर शाफ्टवर बसवा. एकाच डिस्कने दोन्ही चाकं थांबतात. कॅलिपर जुना चालेल, आतली रबरं नवीनच टाका.

एवढं झालं, गाडी उघडीच चार चकरा फिरली, की मग फायबरकडे वळा.

फायबरमुळे कार्ट मजबूत होत नाही. नाक आणि पॉड हे अंगावरचे कपडे आहेत. अपवाद सीटचा. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे फ्रेमच थोडी पिळवटते, आणि फ्रेमला बोल्ट केलेली फायबरची सीट त्या पिळात भाग घेते. म्हणून मेहनत सीटवर घ्या.

साच्यावर पैसे घालवू नका. पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे काचेच्या धाग्यांवर लावायचं चिकट द्रव, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिनला चिकटत नाही, आणि तेच प्लॅस्टिक भंगारात ढिगाने पडलेलं असतं. 200 लिटरचा निळा ड्रम उभा कापा, पॉडचा बाक आयता मिळाला. मात्र अर्ध्याहून कमी घेर घ्या, नाहीतर तयार माल आत अडकून बसतो. सीटसाठी तुटक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात-पाय कापा, ती पालथी टाका, पाठीवरच्या पट्ट्यांमध्ये शाडू भरून गोलाई आणा आणि वरून खाकी टेप गुळगुळीत चिकटवा. टेपवर वॅक्स. पालथ्या बाजूवर मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) टाकल्याने गुळगुळीत बाजू बसणाऱ्याकडे येते. नाकासाठी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल चालतो, पण त्यावर रेझिन थेट लावलं तर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवून टाकतं. आधी कागदाचे थर आणि टेप.

माल मोजून घ्या. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण एक एमएम जाडी देतो. पॉडला दोन थर पुरतात. सीटला तीन थर आणि मध्ये विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड), बोल्टच्या जागी आणखी दोन तुकडे. रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट. रेझिन कडक करणारं हार्डनर एक ते दोन टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला 5 ते 10 ग्रॅम. एप्रिल-मेच्या दुपारी एक टक्क्याच्या जवळ राहा. पावसाळ्यात शक्यतो हे काम काढूच नका, मॅट ओल धरते आणि थर नीट बसत नाही.

आमचे मेस्त्री काम करताना मगाच्या तळाला मधूनमधून हात लावून बघतात. कोमट लागला की उरलेलं रेझिन लगेच पसरट ट्रेमध्ये ओततात, कारण मगात गोळा राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने उकळून धूर सोडतं. ब्रश ते ओढत नाहीत, टोचतात. ओढला की मॅटचे धागे सरकतात. पांढरा ठिपका दिसला की तिथे हवा आहे, ती खाचांच्या रोलरने कडेला काढायची. आणि माल चामड्यासारखा झाला, पूर्ण कडक झाला नाही, त्या वेळात कडा साध्या ब्लेडने कापायच्या. ती वेळ गेली की ग्राइंडर, आणि ग्राइंडर म्हणजे दोन दिवसांची खाज.

कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात ते द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. शक्यतो दुकानातूनच कोबाल्ट घातलेलं रेझिन मागा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा न लावता बाटली उघडायची नाही. तोंडाला बांधलेला रुमाल स्टायरीनच्या वाफेला अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क घ्या.

नोकरीच्या बाजूने विचाराल तर मुलाखतीत तयार कार्टचा फोटो दोन सेकंद बघतात. उघड्या फ्रेमचा फोटो, मोजमापाची वही, मोडलेला पार्ट आणि त्याच्या जागी काय बसवलं, यावर प्रश्न येतात. ज्याला फायबरच आवडलं त्याने पुढे टाक्या, बसच्या बॉड्या, पवनचक्कीची पाती या कामांकडे बघावं. छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लॅस्टिकचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिथले प्लॅस्टिकचे अभ्यासक्रम चौकशी करण्यासारखे आहेत.

कार्ट रस्त्यावर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि या गाडीची नोंदणी कुणी करून देणार नाही. सोसायटीचं पार्किंगही नको, तिथे लहान मुलं असतात. कॉलेजचं मैदान किंवा रविवारी बंद असलेल्या कारखान्याचं आवार लेखी परवानगीने मिळू शकतं. हेल्मेट, पूर्ण बूट, हाताशी इंजिन बंद करायचं बटण आणि बाजूला उभ्या माणसाच्या हातात आग विझवायचा सिलिंडर. सुरुवातीला दर दोन चकरांनी थांबून शाफ्टच्या बेअरिंगचे आणि स्टिअरिंगचे नट पान्याने तपासा. ते ढिले होतातच.