सीआरपी-ईएसआर वाढलाय? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं की त्यात ईएसआर बहुधा असतोच, आणि अलीकडे सीआरपीही, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची तपासणी. त्यातला एखादा आकडा ठळक छापून आला की घरात काळजी सुरू होते. शरीरात कुठेतरी दाह (इन्फ्लमेशन) चालू असावा, एवढंच या तपासण्या सांगतात. कुठे आणि कशामुळे, ते सांगत नाहीत. तरीही त्यांच्याकडून थेट आजाराचं नाव काढायचा प्रयत्न होतो, आणि तिथेच बहुतेक चुका होतात.

ईएसआर वाढला म्हणजे टीबी

ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. ईएसआरमध्ये रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढली की या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. टीबीत हे होतं. न्यूमोनियात, आमवातात, किडनीच्या आजारात आणि गरोदरपणातही होतं. उलट, टीबी असूनही ईएसआर नॉर्मल येऊ शकतो. म्हणून टीबीची शंका असेल तर बेडक्याची तपासणी आणि छातीचा एक्सरे हवा. नुसत्या ईएसआरवर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं चूकच.

ईएसआर वाढलेला दिसला की आधी त्याच रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन बघा. रक्त कमी असेल तर दाह नसतानाही पेशी लवकर बसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे आपल्याकडे अनेक बायकांचा ईएसआर फक्त या कारणाने वाढलेला असू शकतो. वयाचंही तसंच. पुरुषांसाठी वयाचा निम्मा आकडा आणि स्त्रियांसाठी वयात १० मिळवून त्याचा निम्मा, अशी कमाल मर्यादेची ढोबळ रीत डॉक्टर वापरतात. सत्तर वर्षांच्या आजींची मर्यादा त्या हिशेबाने ४० येते. लॅबने सगळ्यांसाठी ‘० ते २०’ छापलं असेल, तर त्यांचा ३४ ठळक दिसेल, पण एवढ्यावरून आजार म्हणता येणार नाही.

एकक न बघता दोन रिपोर्ट ताडून पाहणं

काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एका ठिकाणचा १.२ आणि दुसऱ्या ठिकाणचा १२ हे एकच असू शकतात. लॅब बदलली की आकड्याआधी एकक वाचायचं.

चुकीच्या वेळी तपासणी

सीआरपी यकृतात तयार होतो. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा तासांनी तो वाढू लागतो आणि दोन दिवसांच्या आसपास कळस गाठतो. सकाळी ताप भरला आणि लगेच रक्त दिलं, तर तो कमी दिसेल आणि फसवेल. उतरतानाही तो झपाट्याने उतरतो. ईएसआर मात्र बरं वाटल्यावरही काही आठवडे चढाच राहू शकतो. न्यूमोनिया बरा झाला, सीआरपी खाली आला आणि ईएसआर अजून ६० आहे, एवढ्यावरून अँटिबायोटिक वाढवून मागू नका.

हृदयविकाराच्या धोक्यासाठी जो हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी करतात, तो सर्दी-तापात करूच नये. एकापेक्षा कमी म्हणजे धोका कमी, तीनपेक्षा जास्त म्हणजे अधिक, असे त्याचे टप्पे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत. साधा संसर्गही ते सहज ओलांडायला लावतो. दहाच्या वर आला तर संसर्ग किंवा दुसरं कारण शोधून, बरं वाटल्यावर पुन्हा तपासायचं. लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनीही हा आकडा थोडा वर राहतो. ईएसआर आणि सीआरपी या दोन्ही तपासण्यांसाठी उपाशी राहायची गरज नाही.

फेरिटिन नॉर्मल, म्हणजे लोह भरपूर

याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून आवर्जून सांगतो. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, पण दाह असताना तेही वाढतं. निरोगी प्रौढात १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली लोह कमी समजतात. दाह असेल तेव्हा जागतिक आरोग्य संघटना हीच रेषा ७० वर धरते. आमवात असलेल्या, सतत थकणाऱ्या बाईचं फेरिटिन ५० आलं आणि ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवलं, तर तिची लोहाची कमतरता तशीच राहील. फेरिटिनसोबत सीआरपी बघायला डॉक्टरांना सांगा.

आकडे नॉर्मल, म्हणून दुखणं अंगावर काढणं

ल्युपसमध्ये (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आजार जोरात असतानाही सीआरपी बऱ्याचदा फारसा वाढत नाही. यकृत फार खराब झालं असेल तर तो पुरेसा तयारच होत नाही. आमवातावरचं टोसिलिझुमॅबसारखं औषध चालू असेल तर गंभीर संसर्गातही तो दबलेला राहू शकतो, म्हणून असं औषध चालू असल्याचं प्रत्येक डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि पन्नाशीपुढच्या कोणाला नव्याने डोकं दुखू लागलं, चावताना जबडा भरून येऊ लागला किंवा नजर अंधुक झाली, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोक्याच्या रक्तवाहिन्यांच्या दाहात उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.