नेव्हरएंडिंग स्टोरी: आधी पुस्तक की आधी पिक्चर?

आधी पुस्तक. पण अख्खं नाही, अर्धंच. थांबा, सांगते.

मिखाएल एन्डेचं हे पुस्तक जर्मनीत १९७९ ला आलं. २६ प्रकरणं, आणि ए ते झेड अशी एकेका अक्षराने सुरू होणारी. विकत घेताना एक बघा, आतली छपाई दोन रंगांत आहे का. मूळ आवृत्तीत गोष्टीतल्या बास्टियन या पोराच्या खऱ्या जगातलं सगळं लाल आणि तो वाचतो त्या फँटास्टिका नावाच्या जादुई देशातलं हिरवट शाईत आहे. काही पेपरबॅकमध्ये नुसता तिरका टाइप असतो, वाचता येतं हो, पण बास्टियन दुकानातून चोरून आणलेलं जे पुस्तक शाळेच्या माळ्यावर लपून वाचतो तेही दोन रंगांतच छापलेलं असतं, म्हणजे तेच पुस्तक आपल्या हातात आलंय असं पोरांना वाटतं ना, ती गंमत जाते.

रोज एक प्रकरण मोठ्याने वाचा. बारावं संपलं की थांबा आणि १९८४ चा वोल्फगांग पीटरसनचा पिक्चर लावा, कारण तो साधारण तिथवरच येतो. पोरं लहान असतील तर दलदलीतल्या घोड्याच्या सीनला जवळ बसा. पुस्तकात तो घोडा बोलतो, आपल्या स्वाराला, फँटास्टिकातल्या अत्रेयू या पोराला सांगतो की तू जा, पिक्चरमध्ये तो नुसता बुडतो आणि ते जास्त लागतं. फाल्कोर मात्र पुस्तकात सिंहासारखा, मोत्यासारख्या खवल्यांचा ड्रॅगन आहे, पडद्यावर त्याचं लाडकं कुत्रं झालंय (मला आवडतं, काय करू). शेवटी त्याच्यावर बसून बास्टियन त्रास देणाऱ्या पोरांना पळवतो ते तर पुस्तकात नाहीच. एन्डे या पिक्चरवर इतका भडकला की कोर्टात गेला. हरला.

आता उरलेलं पुस्तक, आणि खरी गोष्ट इथेच आहे. बास्टियन स्वतःच फँटास्टिकात पोचतो आणि मागेल ते त्याला मिळू लागतं. एक कागद घ्या, डावीकडे बास्टियनने काय मागितलं, उजवीकडे तो काय विसरला, आणि पोरांनाच भरू द्या. त्याच्या गळ्यातल्या आउरिन या जादुई ताईतावर मागे लिहिलंय की तुला हवं ते कर. पण प्रत्येक इच्छेला एक आठवण जाते. देखणा होतो आणि आपण जाडे होतो हेच विसरतो. पहिल्यांदा पोरांना हा सौदा मस्त वाटतो, मग हळूहळू उजवी बाजू भरत जाते आणि घरात शांतता पसरते, कारण आठवणीतून आई-बाबाही जातात आणि शेवटी स्वतःचं नावसुद्धा.

१९९० च्या दुसऱ्या भागात यातलं थोडंफार आहे, झायिडे जादूगारीण वगैरे, पण पुस्तक संपल्यावरच बघा. १९९४ चा तिसरा सोडून द्या, ती गोष्ट एन्डेची नाहीच.

आणि पहिल्याची जर्मन आवृत्ती सबटायटलसकट मिळाली तर तीच घ्या, थोडी मोठी आहे. फक्त लिमाल या गायकाचं ते या पिक्चरचं गाजलेलं गाणं त्यात नाही, ते वेगळं लावावं लागेल.