काचा धुण्याच्या पोलला पाणी बंद करायचा कॉक: निवड, जोडणी आणि पंपाशी मेळ

उंच काचा जमिनीवरून धुण्याचा पोल म्हणजे लहान-मोठी होणारी लांब काठी: शेंड्याला ब्रश, आत नळी, आणि पंपाने ढकललेलं पाणी ब्रशमधून येतं. पंप गाडीत, गाडी फाटकाशी आणि तुम्ही इमारतीच्या मागच्या अंगाला. एक खिडकी झाली, पोल उचलून पुढच्या खिडकीकडे निघालात, की वरून पाणी गळतच असतं: कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुणाच्या एसीवर, नाहीतर तुमच्याच डोक्यावर. प्रत्येक वेळी गाडीपर्यंत जाऊन पंप बंद करणं शक्य नसतं. म्हणून पोलजवळ, हाताशी, एक कॉक हवा.

पाण्याचा हिशेबही बघा. एका पोलला मिनिटाला साधारण दोन लिटर पाणी लागतं. तासातली पंधरा मिनिटं जागा बदलण्यात, नळी सोडवण्यात आणि वॉचमनशी बोलण्यात जातात असं धरलं, तर सहा तासांत १८० लिटर पाणी फुकट वाहतं. तेही साधं पाणी नव्हे. बोअरचं पाणी आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) आणि डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) यांमधून काढून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ आणलेलं असतं, कारण तसं केलं नाही तर काच वाळल्यावर पांढरे डाग उमटतात. आरओत जितकं पाणी शुद्ध होतं जवळजवळ तितकंच वाया जातं असं मानलं, तर ते १८० लिटर मिळवायला ३६० लिटर उपसावे लागले.

कॉक नेमका कुठे?

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. पोलमधली नळी पोलच्या पूर्ण लांबीपेक्षा दोन-तीन मीटर जास्त असावी लागते. पोल ३० फुटी, म्हणजे नऊ मीटरच्या थोडा वर असेल, तर नळी १२ मीटर घ्यायची. पोल पूर्ण उघडल्यावर नळीचं टोक बुडापासून तीन मीटरवर राहतं, ते ठीक. पण तोच पोल मिटून तळमजल्याची काच धुताना जवळजवळ दहा मीटर नळी बुडातून बाहेर पडून जमिनीवर लोळते. कॉक नळीच्या टोकाला असेल तर तो दहा मीटर लांब, म्हणजे असून नसल्यासारखाच.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, कॉक कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. गाडीतल्या रीलवरून आलेली मुख्य नळी कॉकच्या एका बाजूला, पोलची नळी दुसऱ्या बाजूला. पोल लहान-मोठा करताना जास्तीची नळी तुमच्या आणि पोलच्या मधे जमिनीवर पडते, कॉक मात्र कायम हाताखाली. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी हेच करावं असं आमचं मत आहे. एकच पथ्य: कॉक पट्ट्याला बांधू नका, हुकने अडकवा, झटक्यात सुटेल असा. नळी गाडीच्या चाकाखाली गेली किंवा कुणाच्या पायात अडकली तर ओढले जाल तुम्ही. आणि शिडीवर चढायची वेळ आली तर आधी हुक काढायचा.

दुसरा उपाय पोलच्या बुडात बसणारा ओढीचा कॉक. नळीला छोटा झटका दिला की ती आत चिमटली जाते, पुन्हा झटका दिला की सुटते. हात पोलवरून काढावा लागत नाही, हे याचं मोठं सुख. मात्र पोलची लांबी बदलली की नळी नव्याने सारून घ्यावी लागते, आणि रोज एकाच ठिकाणी चिमटून नळी तिथे मऊ पडते. महिन्या-दोन महिन्यांनी तो तुकडा कापून टाकायचा, म्हणूनही नळी थोडी लांबच ठेवायची.

तिसरा, खिशातल्या रिमोटने पंपच बंद करायचा. ऐकायला छान वाटतं, पण शंभर मीटर नळी दाबाखाली फुगलेली असते. पंप थांबल्यावर ती आकसते आणि आतलं पाणी काही सेकंद ब्रशमधून येतच राहतं. शेजारी उघडी खिडकी असेल तर तेवढे सेकंद पुरतात. रिमोट घ्याच, पण कॉकच्या जोडीला.

ब्रशच्या अगदी मागे, शेंड्याला कॉक लावण्याचा विचारही करू नका. तिथे हात पोचत नाही, आणि शेंड्यावरचं शंभर ग्रॅम वजन तीस फुटांवर खांद्याला किलोभर वाटतं.

काय विकत घ्यायचं?

यासाठी खास बनवलेले परदेशी भाग मिळतात, पण इथे त्यावाचून अडत नाही. मुंबईतली नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याजवळच्या भोसरीसारख्या औद्योगिक भागातल्या न्यूमॅटिकच्या (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या सामानाच्या) दुकानात जा आणि ८ एमएमचा पुश फिटिंगचा (नळी नुसती ढकलून बसते असा) बॉल व्हॉल्व्ह मागा, म्हणजे आत भोक असलेला गोळा फिरवून उघडझाप होणारा कॉक. सोबत ८ एमएम बाहेरचा आणि ५ एमएम आतला व्यास असलेली पीयू (पॉलियुरेथेन) नळी.

मापात घोळ होतो तो इंच आणि मिलिमीटरमुळे. घरगुती आरओच्या दुकानातली पाव इंची नळी ६.३५ एमएम भरते, ती ६ एमएमच्या फिटिंगमध्ये जाणार नाही. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ एमएम, ती ८ च्या फिटिंगमध्ये बेमालूम चालते. ३/८ इंच म्हणजे ९.५ एमएम, ती १० च्या फिटिंगमध्ये बसल्यासारखी वाटते आणि दाब आला की सुटते. दुकानातच नळी घालून जोरात ओढून बघा.

तिथेच आणखी एक फसगत होते. हवेसाठी बनवलेल्या काही हँड व्हॉल्व्हना बाजूला एक बारीक भोक असतं. बंद केल्यावर पुढच्या नळीतली हवा त्यातून सुटावी म्हणून ते दिलेलं असतं. असा व्हॉल्व्ह पाण्याला लावला तर बंद करताच पोलमधलं सगळं पाणी त्या भोकातून तुमच्या पँटवर. ओळखायची रीत सोपी: व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने फुंकायचं. कुठूनही हवा निसटली तर तो परत द्या.

पीयू नळी घेताना 'इथर बेस' आहे का ते विचारा. हवेसाठीची स्वस्त नळी बऱ्याचदा पॉलिएस्टर प्रकारची असते. ती पाण्याने, विशेषतः कोमट पाण्याने, हळूहळू ठिसूळ होते आणि वर्षभरात वाकवल्या जागी तडकते. कॉकची बॉडी प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची चांगली. शून्य टीडीएसचं पाणी धातूला थोडं खातं. निकेल चढवलेलं पितळ चालून जातं, पण जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) तुकडा मधे कुठेही नको. त्याचा गंज थेट काचेवर उतरतो.

यादी छोटी आहे: एक कॉक, नळीला नळी जोडणारे दोन जादा पुश जॉइंटर, नळी चेपू नये म्हणून तिच्या तोंडात घालायच्या दोन आतल्या बाह्या, नळी कापायचा कटर, चार-पाच केबल टाय आणि पट्ट्याचा हुक.

जोडणी

१. पंप बंद करा, ब्रश जमिनीवर ठेवा आणि नळीतला दाब उतरू द्या. दाब असताना नळी सोडवणारी फिटिंगची कडी दाबली तर नळी सापासारखी उसळते.

२. नळी कटरने काटकोनात कापा. कात्रीने तोंड चपटं आणि तिरकं होतं. आतल्या रबरी रिंगला ते एकाच बाजूने टेकतं आणि दोन दिवसांनी ठिबक सुरू होते.

३. शेवटचे तीन सेंटिमीटर बोटाने तपासा. नळी फरशीवर घासून ओरखडे पडले असतील तर तेवढा भाग कापून टाका. पाणी त्या ओरखड्यातूनच वाट काढतं.

४. नळी मऊ असेल तर आतली बाही घाला. मग टोकापासून दीड ते दोन सेंटिमीटरवर मार्करने खूण करा आणि नळी फिटिंगमध्ये ढकला. आधी एक अडथळा लागतो, ती पकड. त्यापुढे आणखी थोडा जोर लावल्यावर रिंग पार होते. पहिल्या अडथळ्याला थांबणारे पुष्कळ. खूण बाहेर किती उरली यावरून कळतं.

५. नळी मागे ओढून बघा. दोनेक मिलिमीटर मागे येऊन घट्ट बसली पाहिजे.

६. कॉकच्या दोन्ही बाजूंना किमान दहा सेंटिमीटर नळी सरळ राहील असा हुक लावा. फिटिंगच्या तोंडाशीच नळी वळली की रिंग एका बाजूने उघडी पडते.

दांडी कशी वळते तेही बघून घ्या. लांब दांडी पोलच्या क्लॅम्पला, झुडपाला, खिशाला अडकते आणि नको तेव्हा उघडते. फुलपाखरासारखी आखूड दांडी बरी.

पंपाशी जुळवणं

कॉक बसवला आणि काम संपलं असं नाही. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप साधारण १०० पीएसआयला, म्हणजे सुमारे ७ बारला, स्वतःच्या स्विचने थांबतो. कॉक बंद केला की काही सेकंदांत दाब तिथे पोचतो, पंप थांबतो. नळी जराशी आकसली की पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. ही खटखट दिवसभर चालली तर स्विचचे पॉइंट जळतात आणि तीच पहिली दुरुस्ती निघते.

म्हणून पंपाला फ्लो कंट्रोलर असावा. तो मोटरचा करंट बघतो. वाट अडली की करंट चढतो, कंट्रोलर 'डेड एंड' समजून पंप थांबवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चाचपून बघतो. त्याची संवेदनशीलता प्रत्यक्ष कामाच्या स्थितीत ठरवायची: रीलची पूर्ण नळी जोडलेली, पोल पूर्ण उघडून उभा, कॉक उघडा, पाणी हवं तेवढं. आता कॉक बंद करा. पंप तीन-चार सेकंदांत थांबला पाहिजे. थांबतच नसेल तर संवेदनशीलता वाढवा. कॉक उघडा असतानाही मधेच थांबत असेल तर कमी करा. पोल उभा करूनच का? दर दहा मीटर उंचीला एक बार दाब जादा लागतो. अंगणात आडव्या पोलवर केलेलं सेटिंग चौथ्या मजल्यावर खोटा डेड एंड दाखवतं. बॅटरी उतरू लागली की सेटिंग पुन्हा बिघडतं, हेही ध्यानात ठेवा.

कंट्रोलर नसेल तर निदान पंपानंतर एक-दोन लिटरची छोटी प्रेशर टाकी बसवा. खटखट पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते.

टाकी आणि पंप न वापरता आरओचं पाणी थेट पोलला दिलं असेल, तर वेगळी काळजी घ्यावी लागते. कॉक बंद केला की शुद्ध पाण्याच्या बाजूला दाब साठतो. त्याच वेळी येणारं पाणी थांबलं तर तो दाब मेम्ब्रेनवर, म्हणजे आरओच्या आतल्या पडद्यावर, उलटा बसतो आणि तिचे थर सुटतात. शुद्ध पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. शिवाय आरओ थांबून पुन्हा सुरू झाला की सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस चढलेला असतो, तेव्हा मिनिटभर पाणी बाजूला सोडा. अशा जोडणीत दर खिडकीला कॉक मारण्यात अर्थ नाही.

ऊन

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गच्चीवर पडलेली काळी नळी हाताला चटका देते. ८ बाय ५ ची पीयू नळी साध्या तापमानाला ८ ते १० बार सोसते, पण ६० अंशांच्या आसपास तिची ताकद निम्म्यावर येते. तेव्हा कॉक बंद करून जेवायला गेलात आणि पंप चालूच राहिला, तर येईपर्यंत रीलवरची नळी फुटलेली आणि टाकी रिकामी झालेली असू शकते. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर पंप बंद करून मग कॉक थोडा उघडून दाब सोडायचा.

कॉक पुन्हा उघडताना पहिला फवारा नेहमीपेक्षा जोराचा येतो, कारण फुगलेल्या नळीत पाणी साठलेलं असतं. ब्रश काचेला टेकवूनच उघडा.

बिघाड आणि त्यांची मुळं

कॉक बंद असूनही धार बारीक चालूच राहते, तेव्हा बॉलच्या सीटमध्ये कण अडकलेला असतो. बरेचदा तो रेझिनचा दाणा निघतो. हे दाणे अर्ध्या ते एक मिलिमीटरचे असतात. डीआयच्या बाटलीतली जाळी फाटली की थेट पुढे येतात आणि कॉकसोबत ब्रशचे जेटही (पाणी सोडणारी भोकं) बुजवतात. कॉक पूर्ण उघडून पाच-सहा वेळा झटपट उघडझाप करा, दाणा निघून जातो. पण जाळी बदलली नाहीत तर उद्या दुसरा येईल.

कॉक बंद केल्यावर लगेच ब्रशमधून चार-सहा थेंब पडले तर तो दोष नव्हे. पोलमधल्या ५ एमएमच्या नळीत मीटरला सुमारे २० मिली पाणी असतं, १२ मीटरला पाव लिटरच्या जवळपास. पोल आडवा करताना त्यातलं थोडं निसटतं. म्हणून धुतलेल्या काचेवरून ब्रश बाजूला घ्या आणि मगच कॉक मारा.

दांडी जड झाली तर तेल किंवा ग्रीस घालू नका. त्याचा तवंग काचेवर येतो आणि काही रबरी रिंगा फुगतात. अगदीच लागलं तर सिलिकॉन ग्रीसचा ठिपका. कॉक स्वस्त असतो, बदलणं बरं. कामावर जाताना दुसरा कॉक, दोन जॉइंटर आणि कटर खोक्यात असू द्या.

थंड मुलखात काम करणाऱ्यांसाठी एवढंच: बॉल व्हॉल्व्ह बंद असताना बॉलच्या पोटात थोडं पाणी अडकतं, आणि रात्री गोठलं की बॉडी तडकते. गाडी उभी करताना कॉक अर्धवट उघडा ठेवा.